काडीएवढी फट

आई,

आज शुक्रवार, कारखान्याला सुट्टी. बाबा जेवून आडवे झालेत आणि मी हेंद्रेपाड्यातल्या या खोलीत, जी तू कधी पाहिली नाहीस, खिडकीपाशी पाटावर कागद घेऊन बसले आहे. उद्या सकाळी नऊ वाजता मला मालकांच्या टेबलावर एक रिपोर्ट ठेवायचा आहे. चूक कुणाची, ते त्यात लिहायचं आहे. मालकांना तिथे मावशींचं नाव हवं आहे. मावशी म्हणजे त्याच, कॅम्प चारच्या चाळीत आपल्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, तुझ्याकडे बसून सोल्डरिंग शिकलेल्या. चूक त्यांची नाही, माझी आहे. हे एवढंच वाक्य मी सकाळपासून सहा वेळा लिहिलं आणि सहा वेळा कागद फाडला. तुला जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला एक ओळ लिहावीशी वाटली नाही आणि आज लिहिते आहे, यावरून माझी काय अवस्था आहे ते ओळख. मला असं लिहायची सवय नाही. मी रिपोर्ट लिहिते. त्यात आधी जे दिसलं ते लिहायचं असतं आणि मग ते का घडलं ते. इथेही तसंच लिहून बघते.

त्या खोलीतल्या ओट्याच्या एका टोकाला स्टोव्ह होता आणि दुसऱ्या टोकाला तुझं सोल्डरिंगचं आयर्न. घरी काम देणारे शेठ सायकलवरून गोणपाटाची पिशवी आणून उंबऱ्यात टाकायचे. पिशवीत बोर्ड, तार आणि सुटे भाग. रेडिओ सेलवर न चालवता घरच्या विजेवर चालवण्यासाठी जो डबा मिळायचा, त्याच्या आतले ते बोर्ड. प्रत्येक बोर्डावर चार डायोड, काळे, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे, दोन्ही टोकांना तारेचे पाय. वीज एका बाजूने जाऊ द्यायची आणि उलट येऊ द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. ते करताना ते तापतात. बाबा तेव्हा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होते. गुल न लागलेल्या, वाया गेलेल्या काड्या ते डब्यातून मूठमूठ घरी आणायचे. त्यातली एक काडी तू बोर्डावर आडवी ठेवायचीस, तिच्यावर डायोड टेकवायचीस, खालून दोन्ही पायांना सोल्डरचा टाका द्यायचीस आणि काडी ओढून काढायचीस. डायोड बोर्डापासून काडीएवढा वर उभा राहायचा. चारही डायोड एका उंचीवर, एका रांगेत. डोळा लावून पाहिलं तर खालून पलीकडचा उजेड दिसायचा.

मी सहावीत आहे. तू रेशनच्या रांगेत गेली आहेस आणि तुला खूश करायचं म्हणून मी बसले आहे बोर्ड भरायला. काडी ठेवणं आणि काढणं यात वेळ जातो म्हणून मी काडी वगळते. डायोड सरळ बोर्डावर दाबून टाके देते. कसे छान चिकटून बसलेत, असं मला वाटतं. तू येतेस तेव्हा तीस बोर्ड तयार आहेत. पिशवी खाली न ठेवताच तू एक बोर्ड उचलून डोळ्यासमोर धरतेस. ओरडत नाहीस. बोर्ड ट्रान्सफॉर्मरला जोडतेस, भार म्हणून छोटा दिवा लावतेस आणि मला म्हणतेस, "बस इथे." भात शिजेपर्यंत मी बसते. मग तू माझं बोट धरून डायोडवर ठेवतेस. "मोज पाचापर्यंत." मी तीनला बोट काढून घेते. मग तू तुझा बोर्ड जोडतेस, पुन्हा तेवढाच वेळ, आणि तुझ्या डायोडवर मी पाचापर्यंत मोजू शकते. सहासुद्धा. "गरम पातेलं आपण ओट्यावर तसंच टेकवतो का? खाली काहीतरी ठेवतो ना? तापलेल्याला दाबून बसवू नये. वारा लागू द्यावा." त्या संध्याकाळी तू तीसच्या तीस बोर्ड माझ्याकडून उकलून घेतलेस. तेवढ्यात शेठ आले आणि दारातूनच म्हणाले, "अरे बाई, इतनी मेहनत काहे को? डब्बा बंद होने का है. अंदर कौन देखता है?" तू मान वर न करता म्हणालीस, "जो तपता है वो देखता है, शेठ." शेठ हसत सुटले. पुढे कितीतरी दिवस ते मला पाहिलं की विचारायचे, "क्यों बेटी, आज किसने देखा?" दुसऱ्या दिवशी तू मला मलमाची एक चपटी रिकामी डबी दिलीस, काड्यांनी भरलेली. म्हणालीस, "ही तुझी." तुझ्याकडून मला मिळालेली ती एकच भेटवस्तू अजून माझ्याकडे आहे. काड्या थोड्या उरल्या आहेत.

मग तू गेलीस. चार दिवस अंगात ताप होता आणि चारही दिवस तू बोर्ड भरत होतीस. पाचव्या दिवशी सेंट्रल हॉस्पिटलच्या आवारात बाबा एवढंच म्हणत होते की कालपर्यंत बसून काम करत होती. मी तेव्हा नववीत होते. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही.

पुढचं तुला माहीत नाही. मी डिप्लोमा केला, इलेक्ट्रॉनिक्सचा. चाळीतल्या लोकांनी विहारात बोलावून माझा सत्कार केला, वही आणि पेन दिलं. गेली दोन वर्षं मी मोरिवलीजवळ एका कारखान्यात तपासणी बघते. दिवे गेले की आपोआप लागणारे दिवे आम्ही बनवतो. त्यांची बॅटरी भरणारा डबा भिंतीवर टांगलेला असतो. त्यात तेच चार डायोड असतात. बारा बायका बोर्ड भरतात आणि त्यांच्यात सगळ्यात जुन्या मावशी. नवरा गेल्यावर त्या माहेरी मोरिवलीला परतल्या आणि या कारखान्यात लागल्या, मी यायच्या कितीतरी आधी. पहिल्याच दिवशी मी पाहिलं की प्रत्येकीच्या हाताशी एक काडेपेटी आहे. सकाळी आल्या की आधी सगळ्याजणी गप्पा मारत काड्यांची गुलं मोडायच्या, मटार सोलावेत तशा. मावशींनी मला ओळखलं. उठून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, सगळ्यांसमोर. "ही आमच्या बायची पोर! हिच्या आयनं शिकवलंय मना." मला ते आवडलं नाही. मी साहेब म्हणून आले होते.

डायोडबद्दल तो बनवणाऱ्या कंपनीने छापलेला कागद असतो. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. कोण किती सोसतं हे कुणीतरी लिहून ठेवलंय असं वाटलं. हा डायोड उलट्या बाजूने हजार व्होल्ट अडवतो. एका झटक्यापुरता तीस ॲम्पिअर सोसतो. रोजचा, सतत, एक. लोक हजाराचा आकडा वाचून निर्धास्त होतात, पण खरी अट एकच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात असते. भोवतीची हवा पंचाहत्तर अंशांपर्यंत असेल तरच एक. त्यापुढे आलेखाची रेघ उतरत जाते आणि दीडशे अंशांना शून्यावर येते. त्याच कागदावर आणखी एक आलेख आहे. पाय जितके आखूड, तितका डायोड जास्त करंट नेतो, कारण उष्णता पायांतून बाहेर जाते. मी तो आलेख पाहिला आणि मला तुझी काडी आठवली. मला वाटलं, अरे, म्हणजे आपण इतकी वर्षं उलटंच करत होतो.

एका सोमवारी मी सूचना काढली: डायोड बोर्डाला टेकवून बसवावेत, पाय आखूड ठेवावेत. टेबलांवरच्या काडेपेट्या गोळा करून माझ्या खणात ठेवल्या. तापलेल्या आयर्नशेजारी काडेपेटी नको, हे कारणही माझ्याकडे होतं आणि ते खोटं नव्हतं. मावशी उठल्या. "बाय, गुलं तर आमी मोडतोच. पन ही फट नको मोडूस. तुजी आय अशी ठेवायची." मी आलेखाचा कागद त्यांच्यासमोर धरला. त्या म्हणाल्या, "मना ह्यातला काय कलतंय? मना बोटाला कलतंय." आणि मी म्हणाले, आई, मी बारा बायकांसमोर शांतपणे म्हणाले, "माझ्या आईला आलेख वाचता येत नव्हता. म्हणून ती काड्या ठेवायची."

मावशी खाली बसल्या. त्यांनी डायोड बोर्डाला दाबला, टाका दिला आणि बोर्ड मला दाखवला. "असा?" मी म्हटलं, "हो, असा." त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या, आणि मला अहोजाहो करू लागल्या.

त्या आलेखाखाली एक ओळ आहे. मी ती वाचली होती. वाचली नव्हती असं म्हणता येणार नाही. पाय जिथे टेकतात तिथे उष्णता ओढून घेणारा पुरेसा धातू असेल तरच तो आलेख खरा आहे. आमच्या बोर्डावर पायांखाली मोहरीएवढे तांब्याचे ठिपके आहेत. आखूड पायांनी उष्णता लवकर खाली आणली, पण खाली तिला जायला जागाच नव्हती. ती बोर्डात शिरली. चारही डायोड एकमेकांना खेटून, खाली बोर्ड, शेजारी ट्रान्सफॉर्मर, वर बंद झाकण. गेल्या आठवड्यात मी आत तापमापक घालून मोजलं. आमच्या डब्यात प्रत्येक डायोडला सहा दशांशाच्या जरा वर ॲम्पिअर न्यावे लागतात. काडीवर उभा असेल तर त्याच्याभोवती पंच्याऐंशी अंश असतात आणि कागद त्याला साडेआठ दशांशापर्यंत परवानगी देतो. बोर्डाला टेकला की त्याच्या पोटाखाली एकशेपंधरा, आणि मग त्याला पाच दशांशसुद्धा झेपत नाहीत. हिशेब ढोबळ आहे, पण कुठल्याही बाजूने केला तरी उत्तर तेच येतं. तुझ्या बोटाने जे भात शिजेपर्यंतच्या वेळात सांगितलं होतं, ते शोधायला मला दोन वर्षं आणि परत आलेले नव्वद डबे लागले.

हो, नव्वद डबे परत आले. उघडले तर प्रत्येकात डायोडखाली बोर्ड तपकिरी झालेला, करपलेल्या भाकरीसारखा. काहींत डायोड जळून आरपार गेलेले, उलटी वीजही न अडवणारे. एक डबा एका प्रसूतिगृहाच्या भिंतीवर होता. डायोड गेला, ट्रान्सफॉर्मर तापत राहिला, प्लॅस्टिक मऊ होऊन ओघळलं. खाली खाट होती. त्या वेळी ती रिकामी होती. मला गेले आठ दिवस ती खाट दिसते. जेवताना दिसते, बाबांना पाणी देताना दिसते, आणि ती दर वेळी रिकामी असतेच असं नाही.

मालकांनी मला बुधवारी केबिनमध्ये बोलावलं. माल घेणाऱ्या पार्टीला लेखी कारण हवं आहे आणि कारवाई काय केली तेही. मालक वाईट माणूस नाही, घाबरलेला आहे. म्हणाले, "मॅडम, सरळ लिहा ना, सोल्डरिंगमध्ये हयगय. बाईचं वय झालं, नजर कमी झाली, काढून टाकलं. पार्टी को ॲक्शन दिखना चाहिए, बस."

मी म्हटलं, "सर, टाके चांगले आहेत."

"टाके चांगले आहेत, मग डिझाइन खराब? तपासणी खराब? सही कोणाची आहे तपासणीवर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी तुम्हाला वाचवतोय, समझो. इथे एका गाळ्यातली बात दुपारपर्यंत दहा गाळ्यांत जाते. तुमच्या पिताजींना दमा आहे, तुम्हीच बोलला होता. शनिवारी नऊ वाजता द्या."

ते खरं आहे. सहीचा माणूस एकदा चुकला तर या भागात त्याला दुसरी सही कुणी करू देत नाही. मग ही खोली आणि बाबांचं औषध, दोन्ही गेलं. आणि मावशींना हयगयीचा शिक्का मारून काढलं तर त्यांना शेजारच्या गाळ्यात झाडू मारायलाही कुणी ठेवणार नाही. त्यांचा मुलगा कामावर कमी आणि घरी जास्त असतो. काल सकाळी त्या कारखान्यातल्या नळाशी भेटल्या. त्यांना सगळं कळलं होतं. कारखान्यात केबिनच्या भिंती प्लायवूडच्या असतात. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा हात जोडतील. तशी मी तयारी केली होती. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "मग मॅडम, काय बोलतंय तुमचा आलेख? माजा नाव हाय का त्याच्यात?" मी नळ बंद केला. जाताना त्या थांबल्या. पहिल्यासारख्या म्हणाल्या, "बाय, मी काडी ठेवली असती ना, तर तू मना तवाच काढली असतीस. नाय ठेवली, तर आता काढतंस. तूच सांग मी काय करायचा व्हता?" हा प्रश्न मला आत्तापर्यंत कोणत्याही परीक्षेत आलेला नाही. मला फक्त खरं काय ते येतं आणि ते लिहायला माझा हात उठत नाही.

आता शेवटची गोष्ट. प्रत्येक मालाचा एक मंजूर नमुना असतो. तो तीन दिवस सलग चालवून बघायचा, मग सही करून कपाटात ठेवायचा, आणि पुढचा सगळा माल त्याच्यासारखा करायचा. या डब्याचा नमुना माझ्या सहीचा आहे. तीन दिवस चालला, काही झालं नाही. काल दुपारी सगळ्याजणी जेवायला गेल्यावर मी तो उघडला. चारही डायोड काडीवर उभे. नमुना त्या सोमवारच्या आधीचा, मावशींच्या हातचा होता. म्हणजे मी फट असलेला डबा तपासला, त्यावर सही केली, मग फट काढून टाकली आणि पुन्हा तपासलंच नाही. आलेख होता ना माझ्याकडे! ज्याने कुणी हा नमुना एका परत आलेल्या डब्याशेजारी ठेवला, त्याला शाळेत न जाताही कळेल की चूक कुठे झाली.

आज मी सातव्यांदा लिहिलं आणि फाडलं नाही. चार ओळी आहेत. डायोड बोर्डाला टेकवण्याची लेखी सूचना माझी होती. बदलानंतर तपासणी केली नाही. टाके निर्दोष आहेत, कामगारांची हयगय नाही. मंजूर नमुना कपाटात आहे, तो परत आलेल्या मालाशेजारी ठेवून पाहावा. खाली सही केली आहे. ती नेहमीसारखीच आली. उद्या काय होईल ते मला माहीत नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते उठले की चहा करीन आणि सांगेन.

पण एक गोष्ट त्या चार ओळींत नाही आणि ती मी तिथे लिहिणारही नाही, मला तेवढं धैर्य नाही. म्हणून ती इथे, जे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही त्यात. काल दुपारी नमुना उघडल्यावर मी आयर्न चालू केलं. टाका वितळवायचा आणि वरून बोटाने दाबायचं, एका डायोडला दहा सेकंद लागतात. चार डायोड दाबले की मावशींच्या हातचा नमुना माझ्या सूचनेसारखा झाला असता, आणि मग टेकवलेला डबाच तीन दिवस नीट चालला होता असं दिसलं असतं, दोष टाक्यांवर गेला असता. एक डायोड मी दाबला. तो बोर्डाला टेकला तेव्हा बोटाला चटका बसला आणि मी मनातल्या मनात मोजायला लागले. तीनवर बोट काढून घेतलं. मग पर्समधून तुझी डबी काढली, त्याच्याखाली एक काडी सरकवली, पुन्हा टाका वितळवून त्याला उचललं आणि काडी ओढून घेतली. तो आता उरलेल्या तिघांइतकाच उंच आहे. पण दोनदा तापवलेला टाका राखाडी होतो, पहिल्यासारखा चमकत नाही. मालकांना ते दिसणार नाही. मावशींना दिसेल. तू असतीस तर बोर्ड डोळ्यासमोर धरताक्षणी तुला दिसलं असतं.